मागे राहिलेल्यांची वही

हल्ली नातवंडांच्या शाळांतून येणारी सहलींची पत्रके मी आवर्जून वाचते. आमच्या वेळी रायगड, फार तर वेरूळ-अजिंठा. आता सिंगापूर, दुबई आणि ‘नासा’ बघायला थेट अमेरिका! माझ्या वयाची बरीच मंडळी यावर नाक मुरडतात. मी त्यातली नाही. मुलांनी जग पाहावे, लहानपणीच पाहावे. माझा आक्षेप वेगळाच आहे. वर्गातली पंधरा-वीस मुले विमानात बसतात, बाकीची नंतर त्यांचे फोटो बघतात. एवढेच व्हायचे असेल तर पालकांनी आपापल्या मुलांना खुशाल न्यावे. त्याला शाळेची सहल कशाला म्हणायचे?

हे मी नुसते बोलायचे म्हणून बोलत नाही. २०१० साली, मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, ठाण्यातल्या आमच्या मराठी शाळेची नववीची मुले दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला निघाली. वर्गात मुले ५२, पैसे भरू शकली १८. उरलेल्या ३४ जणांचे काय, हे कोणी विचारत नव्हते. मी भूगोलाची शिक्षिका, सोबत जाणार होते. मी एकच अट घातली. प्रश्न मागे राहणाऱ्यांनी काढायचे आणि उत्तरे जाणाऱ्यांनी आणायची. त्यासाठी एक दोनशेपानी वही केली.

त्या वहीतला पहिला प्रश्न होता, “एवढ्याशा बेटाला पाणी कुठून मिळते?” विचारणारी मुलगी सहलीला येणार नव्हती. तिचे आजोळ शहापूर तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत तिने टँकरपुढच्या रांगेत हंडे लावलेले होते.

सहल कंपनीच्या कार्यक्रमात याचे उत्तर मिळण्याची सोय नव्हती. खरेदीचा अर्धा दिवस कमी करून आम्ही मुलांना मरीना बॅरेजवर नेले. २००८ साली बांधलेला हा बंधारा खाडीच्या तोंडाशी आहे. नऊ पोलादी दरवाजे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऐन शहरात गोड्या पाण्याचा साठा. ओहोटीच्या वेळी मोठा पाऊस झाला की दरवाजे खाली करून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर पंपांनी उपसून टाकतात. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या आमच्या मुलांना हे फार समजवावे लागले नाही. पाण्याचे चार मार्गही त्यांनी वहीत लिहून घेतले: स्वतःचे तलाव, मलेशियातल्या जोहोरहून येणारे पाणी, शुद्ध करून पुन्हा वापरात आणलेले सांडपाणी आणि गोडे केलेले समुद्राचे पाणी. जोहोरच्या पाण्याचा १९६२ चा करार २०६१ साली संपतो, म्हणून इतक्या आधीपासून ही तयारी.

परत आल्यावर आमची १८ मुले जरा हवेतच होती. “बाई, पाऊस तिथेही आपल्यासारखाच, वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर. मग आपल्यालाच का जमत नाही?” तोवर मागे राहिलेल्यांनी दोन्हीकडच्या पावसाचा महिनावार तक्ता करून ठेवला होता. त्यांनी तो फळ्यावर लावला. सिंगापूरला बाराही महिने पाऊस. आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा तुलना जरा जपून करा, असे त्यांनी विमानवाल्यांना सुनावले! वर्ग पहिल्यांदाच बरोबरीत आला.

मग ती शहापूरवाली उठली. “चार महिन्यांचे पाणी वर्षभर पुरवायलाच धरणे आहेत ना, बाई? मग ज्या तालुक्यात तानसा, भातसा आहेत, तिथेच टँकर का?”

याचे उत्तर सिंगापुरात मिळणारे नव्हते. तानसाचे धरण १८९२ चे, मुंबईसाठी बांधलेले. त्याच्या अजस्र जलवाहिन्या आमच्या ठाण्यातूनच मुंबईकडे जातात. मुले त्या रोज पाहत होती. जानेवारीत आम्ही एसटी ठरवून शहापूरला गेलो. या वेळी सगळे ५२ जण होते. धरण पाहिले, मग जवळच्या गावातल्या बायकांना मुलांनी त्याच वहीतून प्रश्न विचारले. सिंगापूर पाहून आलेल्यांचे प्रश्न त्या दिवशी अधिक नेमके होते, हेही मान्य करायला हवे. परदेश पाहिल्याचा फायदा तो हाच, पण तो साऱ्या वर्गाला मिळाला.

म्हणून शाळांकडे माझे तीन गोष्टींचे मागणे आहे. जाण्याआधी सगळ्या वर्गाचे प्रश्न घ्या. तिथला किमान एक दिवस करमणुकीला न देता, ते शहर कशावर चालते ते दाखवायला द्या. आणि परत आल्यावर त्याच विषयाची एक जवळची सहल काढा, जिचा खर्च प्रत्येकाला परवडेल. या तीन ओळी पत्रकावर छापून आल्या, तर नातवाच्या सहलीचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून आनंदाने भरीन.