जुन्या घराचा फोटो कसा काढावा?

माझ्या मामाचे गाव रबाळे. १९७० साली सिडको स्थापन झाली, मग नवी मुंबई झाली आणि गावाभोवती इमारती वाढल्या. मामाच्या आळीत आता एकच कौलारू घर उरले आहे. दिवाळीनंतर तेही पाडणार आहेत. घराला खेटून चार मजली इमारत आहे. समोर विजेच्या तारा, टाक्या, मोटारसायकली. मामा म्हणतो, "एवढ्या पसाऱ्यात कसला फोटो येणार?"

मला हे पटत नाही. पसारा हटायची वाट बघत बसलो तर घरच जाईल. मोटारसायकल बाजूला करता येते, पण तारा हटत नाहीत. म्हणून जवळ जाऊन उंबरा, ओटी, खांब, कौले यांचे वेगवेगळे फोटो काढावेत. आणि एक फोटो लांबून, पसाऱ्यासकट काढावाच. त्यावरून घर नेमके कुठे होते ते कळेल. कॅमेऱ्याने काढलेला जगातला सर्वांत जुना टिकलेला फोटो फ्रान्समधला आहे. नीसेफोर न्येप्स यांनी तो १८२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून काढला. त्यातसुद्धा छपरे नि भिंतीच आहेत!

पालकांनो, तुमच्याकडे मोबाईल आहे. तुमच्या जुन्या घराचा फोटो या रविवारीच काढा. तो छापून घ्या आणि मागे तारीख व घरात कोण कोण राहायचे ते लिहा.

– इयत्ता चौथी