रकाना एक, लिहायचा पाच ठिकाणी



अर्ज तपासण्यात माझा दिवस जातो आणि वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देण्यात संध्याकाळ. त्यामुळे जावा शिकणारी माझी पुतणी म्हणाली, "काका, आमचं निम्मं काम अर्जाचंच असतं," तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

जावा ही संगणकाची भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली बाहेर आणली. पडद्यावरचा अर्ज भरून आपण बटण दाबले की रकान्याचे नाव आणि त्यातला मजकूर अशा जोड्या पलीकडच्या प्रोग्रॅमकडे जातात. तिथे सारे नुसत्या अक्षरांत पोचते. अमुक ही जन्मतारीख आहे, तमुक उत्पन्नाचा आकडा आहे, हे प्रोग्रॅमरने सांगायचे. या कामाला शिस्त लागावी म्हणून क्रेग मॅक्लानहन यांनी २००० साली स्ट्रट्स ही चौकट तयार केली आणि ती पुष्कळ वापरली गेली. पण लिहावे किती लागे! एकच रकाना पडद्याच्या पानावर लिहा, माहिती धरून ठेवणाऱ्या क्लासमध्ये लिहा, तिथेच ती आत ठेवण्याची आणि बाहेर काढण्याची मेथड लिहा, तपासणीच्या फाईलमध्ये लिहा, डेटाबेसच्या टेबलात लिहा. तीस रकान्यांचा अर्ज असला तर हिशेब तुम्हीच करा.

हे दुखणे आम्हा कारकुनांच्या ओळखीचे. एकच नाव तीन रजिस्टरांत उतरवताना तिसऱ्यात वेलांटी चुकते, आणि पुढे तो माणूस प्रतिज्ञापत्र करत फिरतो. कचेरीत निदान साहेब ओरडतात. स्ट्रट्समध्ये पानावरचे नाव क्लासमधल्या नावाशी जुळले नाही, तर पुष्कळदा तो रकाना मुकाट्याने सोडून दिला जाई. अर्ज गेला असे वाटे, पत्ता मात्र वाटेतच गळालेला.

यावर उपाय म्हणून कोड जनरेशन आले. रकान्यांचे वर्णन एकदाच लिहायचे आणि बाकीचा कोड दुसऱ्या प्रोग्रॅमकडून लिहून घ्यायचा. एक्सडॉकलेट हे साधन क्लासवरच्या टिपणीतल्या खुणा वाचून स्ट्रट्सच्या फायली तयार करी. २००४ साली जावा ५ मध्ये अशा खुणांना भाषेतच जागा मिळाली. त्यांना ॲनोटेशन म्हणतात. स्ट्रट्सची पहिली आवृत्ती २०१३ साली थांबली. त्याच वर्षी सुरू झालेले जेहिप्स्टर आता पुतणी सरावाला वापरते. एका छोट्या फाईलमध्ये रकान्यांची यादी दिली की ते टेबल, जावाचा कोड आणि पडदा तिन्ही उभे करते.

एकदा तिने तयार झालेल्या फाईलमध्येच हाताने दुरुस्ती केली. पुढे यादीत रकाना वाढवून जनरेटर पुन्हा चालवला. जुनी फाईल पुसू का, असे तो विचारतो. हिने घाईत होकार दिला आणि दोन दिवसांची मेहनत गेली. तेव्हापासून दुरुस्ती मूळ यादीत करते, नाही तर स्वतःच्या वेगळ्या फाईलमध्ये.

तिचा सरावाचा अर्ज शिष्यवृत्तीचा होता. मी भरायला बसलो आणि वडिलांच्या नावाशी अडलो. तिने त्या रकान्यापुढे 'सक्तीचा' अशी खूण घातली होती आणि यंत्राने ती तिन्ही ठिकाणी बिनचूक उतरवली होती. आमच्या गल्लीत एक बाई चार घरची भांडी घासून एकटीने मुलगा वाढवते. तिच्या मुलाचा अर्ज इथून पुढे सरकलाच नसता. कागदाच्या अर्जात रकाना कोरा ठेवून खिडकीवरच्या कारकुनाशी भांडता तरी येते.

"सगळेच अर्ज असे असतात ना काका, म्हणून घातलं," ती म्हणाली. मग तिने यादी उघडली, तो एक शब्द खोडला, जनरेटर चालवला. सक्ती तिन्ही ठिकाणची गेली. आईच्या नावाचा रकानाच नव्हता. तो तिने एका ओळीत घातला.