नदी नसलेला देश : माल्टा



गेल्या उन्हाळ्यात एका गावी पाणलोटाच्या कामाची पाहणी करीत होतो. तेव्हा एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आमच्या शिवारात साधा ओढासुद्धा नाही. नदीच नाही असा एखादा देश जगात असेल का हो?" प्रश्न थट्टेचा होता, पण असा देश खरोखरच आहे. त्याचे नाव माल्टा. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये भूमध्य समुद्र आहे. त्या समुद्रात, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर माल्टाची लहान लहान बेटे आहेत. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्यांतली मुख्य. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. वस्ती मात्र पाच लाखांवर. पाऊस वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर, आपल्या माण-सांगोल्याकडच्या पावसाच्या आसपास. तोही बहुतेक सप्टेंबर ते मार्चमध्ये पडतो. उन्हाळा कोरडा जातो. खाली चुनखडीचा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर.

अशा ठिकाणी माणूस राहिला तरी कसा, असे तुम्ही म्हणाल. पण तो फार पूर्वीपासून राहिला आहे. गोझो बेटावरील जगंतिया येथील प्रचंड दगडी मंदिरे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची आहेत. पुढे फिनिशियन, रोमन, अरब आणि नॉर्मन आले. १५३० साली सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना हे बेट मिळाले. १५६५ साली तुर्कांनी जवळजवळ चार महिने वेढा घातला, पण बेट पडले नाही. १७९८ मध्ये नेपोलियन आला, आणि १८०० मध्ये त्याचे सैन्य हटून इंग्रजांचा अंमल सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात तर या चिमुकल्या बेटावर बॉम्बचा पाऊस पडला, लोकांनी उपासमार सोसली. त्या धैर्याबद्दल १९४२ साली जॉर्ज क्रॉस हे पदक साऱ्या बेटाला देण्यात आले. २१ सप्टेंबर १९६४ रोजी माल्टा स्वतंत्र झाला, १९७४ साली प्रजासत्ताक झाला आणि २००४ पासून तो युरोपीय संघात आहे.

इतके राज्यकर्ते आले नि गेले, पण लोकांनी आपली भाषा सोडली नाही. माल्टी भाषा मुळात अरबी वळणाची, लिपी मात्र रोमन, आणि बोलणारे बहुतेक कॅथलिक ख्रिस्ती! गावोगावी उन्हाळ्यात ग्रामसंताचा उत्सव होतो. मूर्तीची मिरवणूक, बँड, दारूकाम, रोषणाई असा थाट असतो. आपल्या जत्रेची आठवण यावी.

आता आपल्या कामाची गोष्ट. या लोकांनी माती आणि पाणी कसे जपले ते पाहा. उतारावर चुना न लावता दगडी बांध रचून त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. बहुतेकांची जमीन अडीच एकरांच्या आतच. तीत बटाटा, कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकतात. १९७३ साली तेथे सुपीक माती राखण्याचा कायदा झाला. घर बांधायचे तर आधी तेथील माती उचलून शेतीच्या जागी न्यावी लागते, ती बांधकामाखाली गाडता येत नाही.

राजधानी वालेटा १५६६ पासून वसू लागली, तेव्हाच प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके खोदण्याचा नियम करण्यात आला. आपल्या गडांवरील खोदीव टाकी तुम्ही पाहिली असतील, तसाच हा प्रकार. तेथे त्याला 'बिर' म्हणतात.

पण एवढे शहाणे लोकही पुढे चुकले. बेटाच्या पोटात पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण गोडे हलके, खारे जड. शास्त्राच्या हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढते. वीज आली, बोअर आले, उपसा बेसुमार वाढला आणि अनेक ठिकाणचे पाणी मचूळ झाले. बोअरची नोंद करून त्यावर मीटर बसवण्याची पाळी आली. १९८२ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना उभारावा लागला. आज नळाला येणारे निम्म्याहून अधिक पाणी असे विकतच्या विजेवर तयार होते. घराखालची जुनी टाकी कित्येक ठिकाणी नुसती पडून आहेत.

मंडळी, आपल्या काळ्या पाषाणाखाली समुद्र नाही. त्यामुळे आपले पाणी खारे होत नाही, ते सरळ संपते. शेजाऱ्याने तीनशे फूट मारले म्हणून आपण पाचशे मारायचे, ही स्पर्धा कोणालाच जिंकता येत नाही. आणि माल्टाप्रमाणे पाण्याचा कारखाना उभारायला आपल्या गावाजवळ ना समुद्र आहे, ना पैसा.

तेव्हा नवीन बोअरची सुपारी देण्याआधी दोन गोष्टी करा. दिवाळीनंतर विहिरीत किती पुरुष पाणी आहे ते मोजा आणि त्या मापाने रब्बीचे पीक ठरवा. पावसाळ्यापूर्वी घराच्या पत्र्याला पन्हळ लावून ते पाणी गाळून हौदात किंवा विहिरीत सोडा.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "नदी नसली तरी गाव जगते बाबा. हिशेब नसला की मात्र नदीकाठचेही तहानेने मरते."