‘निरुपद्रवी’ टायर आणि वाड्याच्या भट्ट्या

इगतपुरी तालुक्यात धरणाने अडवलेली वैतरणा पुढे घाटाखाली उतरते आणि वाडा तालुक्यातून समुद्राकडे जाते. वरचं पाणी मुंबई पिते, म्हणून त्याची राखण होते. खाली वाड्याच्या वाट्याला मात्र युरोपात झिजलेले टायर आले आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये वाडा तालुक्यातल्या टायर वितळवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दोन बायका आणि दोन मुलं मेली. तिथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, असं बीबीसीने नंतर दाखवून दिलं. स्फोटानंतर सात कारखान्यांना टाळं लागलं. म्हणजे टाळं लावता येतं, हे सरकारला ठाऊक होतं. त्यासाठी चार मढी लागली. आणि कारखान्यात मुलं काय करत होती, असं विचारणाऱ्यांनी भट्टीच्या आवारातच संसार मांडावा लागणारा मजूर कधी पाहिलेला नसतो.

टायर बंद भट्टीत हवेशिवाय चांगला तापवला की तेल, वायू, पोलादी तार आणि काळी भुकटी मिळते. तेल आणि तार विकली जाते. भुकटीतली काही वाऱ्यावर जाते, ती भातावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

हे बेकायदा आहे का? आहे. तेल किंवा भुकटी काढण्यासाठी जुने टायर आयात करायचे नाहीत, असं केंद्राने जुलै २०२२ मध्येच नियमात लिहिलं. पण रबराचा भुगा करायचा आहे असं सांगून टायर आणता येतात. भुगा की भट्टी, हे बंदरातला कागद सांगत नाही. ते बंदराबाहेर पडलेला ट्रक ठरवतो.

याची मुळं आंतरराष्ट्रीय कायद्यात आहेत. १९८९ चा बाझल करार सांगतो की, घातक कचरा धाडण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती घ्या. पुनर्वापरासाठी निघालेले टायर मात्र त्याच कराराच्या घातक नसलेल्या यादीत आहेत. त्यामुळे संमतीची भानगडच नाही. टायर निघतो तेव्हा निरुपद्रवी असतो आणि वाड्यात पोचून पेटतो तेव्हा तो करार फार मागे राहिलेला असतो.

नावाचा हा खेळ जुना आहे. न्हावा-शेवा बंदरात वंगणतेल म्हणून आलेले १३३ कंटेनर टाकाऊ तेलाचे निघाले. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला सांगितलं. ठीक. पण नष्ट इथेच करायचं. कराराचं नववं कलमही तसंच आहे: लबाडी निर्यातदाराची असेल तर माल त्याच्या देशाने परत न्यावा, आयातदाराची असेल तर विल्हेवाट आपल्या सरकारने बघावी. पाठवणाऱ्याने ‘त्यांनीच मागवला’ एवढं म्हटलं की हात झटकले.

कचरा ही संपत्ती आहे, असं आपले उद्योजक सांगतात. असेल. मग रस्त्यारस्त्यावर पंक्चरवाल्याच्या मागे साचलेली आपली संपत्ती आधी उचला की! श्रीमंत देशांनी बाकीच्यांकडे घातक कचरा पाठवू नये, ही बाझलची दुरुस्ती डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. भारताने तिला अजून मान्यता दिलेली नाही. ती द्यायलाच हवी; पण तेवढ्याने टायर थांबणार नाहीत, कारण ते घातक गणलेच जात नाहीत. ज्या टायरचा शेवट भट्टीत होऊ शकतो त्याला संमतीच्या यादीत घाला. माल शेवटी कुठे गेला याचा पुरावा मिळेपर्यंत पाठवणाऱ्याची जबाबदारी संपू देऊ नका. आणि कंटेनरचा नंबर, पाठवणाऱ्याचं नाव, आत काय आहे आणि त्याचं काय करणार, हे कारखान्याच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, माल पोचण्याआधी लागलं पाहिजे. दिल्लीने संमती दिली की नाही हे वाड्यातल्या बाईला धुरावरून कळू नये.