मूल बोलते, आपण ऐकतो कसे?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. लोक रेल्वे रुळांवर उतरले, फाशीची मागणी झाली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. जेमतेम चार वर्षांच्या त्या मुली बोलल्या होत्या आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. अडले ते त्यापुढे. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. माहिती असूनही कळवले नाही म्हणून शाळेच्या जबाबदार व्यक्तींवर पोक्सोखाली गुन्हा दाखल करावा लागला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला आणि त्या मुलींचे म्हणणे त्याच्यासमोर न्यायालयात सिद्ध होण्याची वाटच बंद झाली.

नाशिकमध्ये मुलांसोबत काम करताना आम्हाला हाच प्रश्न वारंवार भेटतो. मूल बोलल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. न्यायसहायक मानसशास्त्र ही शाखा नेमकी याच प्रश्नाचा अभ्यास करते.

आधी मौन समजून घेऊ. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी तोवर कोणालाच सांगितले नव्हते. ज्याच्या हातचे खायचे, ज्याच्या घरात झोपायचे, त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे? म्हणून मूल उशिरा बोलते, तुकड्या-तुकड्यांत बोलते आणि कधी बोललेले मागेही घेते. रोलंड समिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्येच ही वागण्याची रीत मांडली होती. तिथल्याच २००७ च्या एका अभ्यासात अडीचशेहून अधिक प्रकरणे तपासली गेली. त्यांतील सुमारे २३ टक्के मुलांनी आपले म्हणणे कधी ना कधी फिरवले होते. आरोपी वडिलांच्या जागी असला किंवा घरातले दुसरे मोठे माणूस मुलाच्या पाठीशी उभे राहिले नाही, तर ही शक्यता वाढत होती. मुलाने जबाब फिरवला म्हणजे आधीचे खोटेच होते, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण उभे राहिले. मुलांना सूचक प्रश्न विचारले गेले, इतर मुलांनी काय सांगितले ते ऐकवले गेले, हवे ते उत्तर आले की शाबासकी दिली गेली. खटला १९९० पर्यंत चालला, एकालाही शिक्षा झाली नाही. खरे काय आणि भरवलेले काय, हे वेगळे करणेच अशक्य झाले. चुकीच्या विचारण्याने निर्दोष माणूस अडकू शकतो आणि खरोखर सोसलेल्या मुलाची साक्षही वाया जाऊ शकते.

या अनुभवांतून मुलाखतीची शिस्त तयार झाली. मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. तिचा गाभा साधा आहे. ‘काकांनी तुला हात लावला का?’ असे विचारू नये. ‘काय झालं ते मला पहिल्यापासून सांग’ असे म्हणावे आणि थांबावे. मग फक्त ‘पुढे काय झालं?’ शब्द मुलाचेच राहिले पाहिजेत.

आपला पोक्सो कायदा, २०१२, याच दिशेचा आहे. कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा. कलम २६ नुसार तो मूल बोलले तसाच, त्याच्या विश्वासातील व्यक्तीसमोर नोंदवायचा, शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. कलम ३३ नुसार न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात.

प्रत्यक्षात काय होते? सुरगाणा-पेठकडचे मूल कोकणी बोलीत बोलते, बागलाणचे अहिराणीत. कागदावर उतरते ती पोलीस ठाण्याची ठरीव मराठी. दोन-तीन वर्षांनी उलटतपासणीत तेच मूल आपल्या बोलीत सांगते आणि दोन्हींतला फरक ‘विसंगती’ ठरतो. ती विसंगती लेखनिकाची असते, किंमत मूल मोजते.

नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. कपड्यावरचा डाग तिथे मोहोरबंद पाकिटात जातो, हाताळणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. मुलाचा शब्द मात्र आई, शेजारीण, मुख्याध्यापक, हवालदार, डॉक्टर असा सहा-सात हातांतून जातो. राज्याचे उपनिरीक्षक घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमीही याच शहरात आहे, आदिवासी विकास आयुक्तालयही इथेच आहे. मुलांच्या मुलाखतीचे सरावासह प्रशिक्षण आणि आश्रमशाळांतील कर्मचाऱ्यांची तयारी यांची सुरुवात नाशिकमधूनच व्हावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे प्रकरण आठवावे. वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती दडवणे ही गंभीर बाब असल्याचे स्पष्ट केले.

आता आपल्या वस्तीकडे वळू. आरोपी बाहेरचा असला की आपण मोर्चा काढतो, ते योग्यच आहे. आरोपी आपल्यातला, नात्यातला, समाजात मान असलेला असला की मात्र बैठक बसते. ‘पोरीची बदनामी होईल’, ‘समाजाचं नाव जाईल’ असे म्हणून मिटवले जाते. त्या बैठकीत मुलीला समोर उभे करून पुन्हा पुन्हा विचारतात. जबाब फिरतो तो इथे. आपल्या विहारांत बालवर्ग भरतात, शिबिरे होतात, वसतिगृहे चालतात. तिथेही हे नियम पाळले गेले पाहिजेत.

मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐका. त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा. खोदून विचारू नका, आरोपीसमोर नेऊ नका. १०९८ वर किंवा पोलिसांना कळवा. कलम १९ नुसार हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. बाल कल्याण समितीकडे सहाय्यक व्यक्तीची मागणी करा, ती खटला संपेपर्यंत मुलासोबत राहू शकते.

मुलाने धीर करून पहिले वाक्य उच्चारले की त्याची जबाबदारी संपते. त्यापुढची जबाबदारी आपली, मोठ्यांची आहे.