'तार' : अर्थ उरला, आशय हरपला

दळणवळणविषयक मराठी शब्दांचा विचार बहुधा परिभाषेच्या अंगाने होतो. इंग्रजी संज्ञेस कोणता प्रतिशब्द योजावा, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. रूढ शब्दांनी कोणते अर्थ आत्मसात केले आणि कोणते गमावले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. 'तार' हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

धातूचा तंतू हा 'तार' या शब्दाचा वाच्यार्थ. तंबोऱ्याची तार, कुंपणाची तार, आणि सादृश्याने एकतारी पाक, हा त्याचाच विस्तार होय. ('तारसप्तक' व 'तारतम्य' यांतील 'तार' यांचा या तंतूशी संबंध नाही.) एकोणिसाव्या शतकात विजेच्या साहाय्याने संदेश पोहोचविणाऱ्या साधनास 'तारायंत्र' हे नाव मिळाले. पुढे यंत्र मागे पडून 'तार' हे त्या संदेशाचेच नाव झाले. 'तार केली', 'तार आली' या प्रयोगांत साधनाचे नाव साध्यास देणारी लक्षणा आहे. 'बिनतारी' या शब्दात तर तारेच्या अभावावरूनच नव्या साधनाची ओळख पटविली गेली.

ही प्रवृत्ती जुन्या शब्दांपुरती मर्यादित नाही. 'केबल' हा शब्द इंग्रजीतून आला. परंतु १९९०नंतरच्या दशकात घरोघरी त्याचा अर्थ दूरचित्रवाणी वाहिन्यांची सेवा असा झाला. 'आज केबल गेली आहे' असे म्हणणाऱ्याच्या मनात वेष्टित तार क्वचितच असते. उसना शब्दही मराठीत आला की मराठीच्याच वळणाने चालतो.

जुलै २०१३मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. 'विजेच्या तारेने पाठविलेला संदेश' हा अर्थ कोशांत सुरक्षित आहे; धोका आहे तो त्याभोवतीच्या आशयास. तारेस शब्दागणिक दाम पडे. म्हणून ती तातडीच्या प्रसंगीच केली जाई आणि तिची भाषा तुटक असे. तारवाला दारात उभा राहताच, मजकूर वाचण्यापूर्वीच, घर धास्तावत असे. जुन्या कथाकादंबऱ्यांत 'तार आली' हे दोन शब्द येताच वाचकाच्या मनात अशुभाची शंका डोकावे. लेखकास अधिक काही सांगावे लागत नसे. आजच्या विद्यार्थ्यास या शब्दांचा अर्थ कळतो, त्यांतील भय कळत नाही. प्रसंगाचा अर्धा आशय तेथेच निसटतो.

अशा ठिकाणी टीप दिल्यास रसास्वादात व्यत्यय येतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु जो भाव वाचकापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या आस्वादात व्यत्यय कसला? कोशकारांनी अर्थाबरोबर त्याचा कालखंड आणि त्यास चिकटलेला भावही नोंदवावा. पाठ्यसंपादकांनी अशा जागा हेरून त्यांवर टिपा द्याव्यात. ज्यांच्या दारात तार आली होती, अशी माणसे अद्याप हयात आहेत. ही नोंद त्यांच्याकडूनच व्हावयास हवी, आणि त्यासाठी फार अवधी उरलेला नाही.