मेहर सिंग एकटे नव्हते

१/ एअर कमोडोर मेहर सिंग यांच्यावरचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. साचा ठरलेला: नकाशा नाही, प्राणवायू नाही, तरीही ‘बाबा’ मेहर सिंग यांनी एकट्याच्या हिमतीवर लेह वाचवले. त्यातील ‘एकट्याच्या’ हा शब्द खोटा आहे, आणि त्याने पहिला अन्याय होतो तो खुद्द मेहर सिंग यांच्यावर.

२/ आधी कारकीर्द पाहू. जन्म १९१५, ल्यायलपूर. प्रशिक्षण क्रॅनवेल येथे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी नेतृत्व केलेली सहावी स्क्वाड्रन गाजली ती शत्रूची विमाने पाडण्यासाठी नव्हे, तर टेहळणीसाठी. तिला ‘चौदाव्या सेनेचे डोळे’ म्हणत. १९४४ मध्ये त्यांना डीएसओ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे भारतीय हवाई दलातील ते एकमेव अधिकारी. जमिनीवरच्या सैनिकाची सेवा हेच त्यांच्या उड्डाणाचे सूत्र होते.

३/ नोव्हेंबर १९४७. पूंछला वेढा पडला. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची फौज आणि हजारो निर्वासित. डिसेंबरमध्ये मेहर सिंग यांनी तेथे डकोटा उतरवले. पण उतरवले कशावर? फौजेने आणि निर्वासितांनी शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात राबून तयार केलेल्या धावपट्टीवर. पुढे त्याच पट्टीवरून रसद आत गेली, निर्वासित बाहेर आले, आणि पूंछ वर्षभर तगले.

४/ मे १९४८. कारगिल पडले, लेहची वाट तुटली. २४ मे रोजी मेहर सिंग यांचे डकोटा सुमारे ११ हजार फुटांवरील लेहला उतरले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. ही धावपट्टी अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लडाखींच्या श्रमांतून उभी केली होती. भर हिवाळ्यात पृथी चंद यांच्या तुकडीबरोबर जोझिला पायी ओलांडून ते लेहला पोहोचले होते. फिरत्या मजकुरात हे नाव कधी वाचलेत?

५/ ‘पण जीव तर वैमानिकानेच धोक्यात घातला!’ निःसंशय. महावीर चक्र त्यांना उगाच मिळाले नाही. मात्र धावपट्टी नसती, तर तेच धाडस लेहवर घिरट्या घालून परतले असते. एका उड्डाणाने शहर वाचत नाही. त्यामागून विमानांची रांग यावी लागते, आणि ती यावी म्हणून सेनापती स्वतः पहिल्या विमानात बसतो. मेहर सिंग यांचे मोठेपण या ‘पहिल्या’त आहे, ‘एकट्या’त नाही.

६/ १९४८ मध्येच त्यांनी हवाई दल सोडले. मार्च १९५२ मध्ये विमान अपघातात ते गेले. वय अवघे ३६. अशा आयुष्याला अतिशयोक्तीची गरज नाही.

७/ मित्रहो, चमत्कार म्हणून सांगितलेला इतिहास टाळ्या मिळवतो, पण कुदळ धरणारे हात पुसून टाकतो. पुढच्या वेळी तो मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: विमान उतरले खरे, पण धावपट्टी कोणी बांधली?